हरलेल्यांनी बाहेर बसायचं

विद्यापीठाच्या बॅडमिंटन कोर्टवर एकच नियम होता. जिंकणारी जोडी खेळत राहणार, हरलेल्यांनी बाहेर बसायचं. तो कुणी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यामुळे चांगले खेळणारे रोज खेळत आणि बाकीचे हळूहळू यायचेच बंद होत. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या दादाला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. तो जिंकणाऱ्यांतला होता.

यंदा त्याची धाकटी बहीणही तिथेच शिकायला आली. वर्ग सुटला की ती होस्टेलच्या खोलीत पडून राही. आईचा फोन आला, "पोरगी पार सुकून गेलीय रे. तुझ्याबरोबर खेळायला ने तिला. लहानपणी दोरी बांधून खेळायचात की."

त्याने नेलं. बहिणीने शटलची फुलं नेटमध्ये मारली, एक तर थेट छताला. दोघं हरले आणि बाकावर बसून राहिले.

"काय रे, आज ओझं घेऊन आलास?" त्याचा नेहमीचा जोडीदार लंबू म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. बहीण रॅकेटची तार नखाने सरळ करत बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने लंबूलाच जोडीला घेतलं. "तू पुढच्या डावाला ये," तो बहिणीला म्हणाला. पुढचा डाव आलाच नाही, कारण ते जिंकत राहिले. एकदा मुद्दाम हरावं असं मनात आलं, पण समोर फूल आलं तसा हात आपसूक चालला.

त्यानंतर बहीण म्हणाली, "दादा, माझी परीक्षा आहे." परीक्षा नव्हती, हे त्याला माहीत होतं. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की जेवण जाईना.

संध्याकाळी तो दोन रॅकेट आणि एक फूल घेऊन मुलींच्या होस्टेलपाशी गेला.

"कोर्टवर मी येणार नाही," ती खाली येताच म्हणाली.

"कोर्ट नको. इथेच खेळू, सायकलींपाशी."

"लंबूला सुट्टी दिलीस वाटतं?"

वाऱ्याने फूल भरकटत होतं, पण ती पळून पळून परतवत होती, हसत होती. तेवढ्यात रस्त्याने लंबू आणि पोरं कोर्टकडे जाताना दिसली. दादाची मान तिकडे वळली आणि समोर आलेलं सोपं फूल सुटलं.

बहिणीने ते उचललं. "जा तू. थांबलेत ते."

"तसं नाही गं."

"आईला मी सांगितलंय, दादा रोज नेतो म्हणून. तिची काळजी नको करूस."

लंबूने हाक मारली. दादाने न वळताच हाताने नाही म्हटलं. बहिणीने पुढे केलेलं फूल त्याने घेतलं, पण तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.