डाव्या टाचेचा उशीर

पुसला तरी तो ठिपका जाईना. स्क्रीनच्या उजव्या काठाशी, मोहरीहून लहान, राखाडी – धूळ असावी म्हणून तिनं आधी अंगठा फिरवला, मग बाही ओढून घासलं, आणि वाकून फुंकर मारणार एवढ्यात तो हलला. सावकाश आत सरकला... म्हणजे तो काचेवरचा नव्हताच, आतला होता, तिच्याच प्रोग्राममधला. एका माणसाची टाच. माणूस केव्हाच पुढे निघून गेला होता, डावी टाच मागे राहिली होती, आणि आता आठवण झाल्यासारखी ती त्याच्या मागोमाग निघाली होती.

ती हसली. घरातलंच मांजर अचानक पायात आल्यावर दचकून मग हसावं, तसं.

हे पान एका नाट्यगृहाच्या वेबसाइटसाठी होतं. कुणी ते उघडलं की काळ्या पडद्यावर माणसं येरझारा घालू लागत – प्रयोग सुरू व्हायच्या आधी घालतात तशा, कुणाची तरी वाट बघत, उगाच. प्रत्येक माणूस म्हणजे नुसते मूठभर ठिपके: डोकं, खांदे, कोपरं, गुडघे, घोटे, टाचा. मधे एकही रेघ नाही. थांबले की सांडलेली साखर. चालू लागले की त्याच क्षणी माणूस. हे चित्र तिनं काढलेलं नव्हतं. तिनं फक्त नियम लिहिले होते – किती वळायचं, कुणाला चुकवायचं, कुठं रेंगाळायचं – आणि बाकीचं संगणक दर वेळी नवे फासे टाकून ठरवायचा, त्यामुळे पान पुन्हा उघडलं की पुन्हा नव्या वाटा, नव्या गाठीभेटी, आणि काय दिसेल ते तिलाही आधी ठाऊक नसे. नियमांतल्या आकड्यांना तिनं आपल्या सोयीची नावं दिली होती: झोल, लय, उशीर. उशीर म्हणजे पाऊल पडल्यानंतर डावी टाच खाली यायला लागणारा वेळ. हा आकडा तिच्याकडे कुणी मागितला नव्हता.

ती चाल नवऱ्याची होती.

म्हणजे पूर्वीची. पाऊल पडायचं, पण डावी टाच जराशी वर राहायची – मागून कुणी हाक मारेल म्हणून ताटकळल्यासारखी – आणि हाक आली नाही असं बघून मग हळूच टेकायची. जिन्यात नुसत्या आवाजावरून ती त्याला ओळखायची. तो दारापर्यंत पोचायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मागच्या वर्षी त्याच्या मेंदूत ताप गेला. डॉक्टर आधी म्हणाले, बचावला. मग म्हणाले, बरा झाला. आणि मग सगळेच म्हणू लागले, काही जाणवतसुद्धा नाही हो. जाणवत नव्हतंच. तो कुणाचं नाव विसरला नव्हता. जमिनी मोजायचं त्याचं काम, त्यातले कोन आणि उतार त्याला जिभेवर होते. फक्त इस्पितळातून घरी आलेला माणूस अख्खा तळवा एकदम टेकवून चालायचा, फरशी दुसऱ्याची असल्यासारखा. चहाचा कप हातात दिला की म्हणायचा, "थँक यू." सोफ्याशी येऊन उभा राहायचा, "इथं बसू का?" पूर्वी तिच्याच कपातला अर्धा चहा न विचारता पिऊन टाकणारा माणूस... आता कुणाकडे तक्रार करायची आणि कसली – की नवरा फार चांगला वागतो, काहीतरी करा?

त्याचे जुने व्हिडिओ तिनं शोधून पाहिले होते. सगळीकडे तोच कॅमेऱ्यामागे. एका लग्नातला काय तो दुसऱ्या कुणी घेतलेला, त्यात तो गर्दीतून चालत येतो, आणि पाय दिसायच्या वेळेला नेमकी कुणाची तरी काकू आडवी येते.

मुद्दाम असं तिनं काही ठरवलं नव्हतं. हे काम हाती आलं, ठिपक्यांना चालायला शिकवायचं होतं, आणि एका दुपारी त्यांतला एक जण वळताना उगाच थोडासा त्याच्यासारखा वाटला. मग तिला नाद लागला. डोळे मिटायचे, तो पॅसेजमधून येतोय असं आठवायचं, ते विरून जायच्या आत उठून खोलीत तसंच चालून बघायचं – असं, हं, असं – आणि बसून आकडा बदलायचा. पुन्हा उठायचं. जेवण राहायचं, फोन वाजून थांबायचे. आणि एक दिवस काळ्या पडद्यावर तो आतल्या बाजूला चालत निघाला. पाठमोरा. तिनं ओळखलं, वळायच्या आधीच ओळखलं. बघता बघता हाक मारायची राहून गेली... आणि मग तिनं तो आकडा सगळ्यांनाच देऊन टाकला. एकालाच दिला असता तर बाकीच्यांत तो एकटा पडला असता, असं काहीतरी तेव्हा तिला वाटलं होतं.

फोन वाजला. सरकार. ज्या ऑफिससाठी ती घरून काम करायची त्याच्या प्रमुखाला सगळे मागून सरकार म्हणायचे. एकदा तिच्या तोंडून समोरच निघून गेलं, आणि तो खूश झाला, तेव्हापासून उघडच म्हणायचे.

"पाहिलं काल. छानच झालंय, प्रश्नच नाही," सरकार म्हणाला. "पण एक विचारू? ते सगळे कुणाच्या तरी मागून चालल्यासारखे का वाटतात?"

"कुणाच्या मागून?"

"ते मला काय माहीत! नाटकाला आल्यासारखे वाटत नाहीत, एवढं खरं. माझी बायको बघून म्हणाली, बंद करा ते, अंगावर काटा येतो. जरा सैल सोड ना त्यांना."

सैल. बरं, म्हणून तिनं फोन ठेवला. उशीर हा आकडा तिनं कमी करायला हवा होता. पण तो खोडून तिनं जो लिहिला तो आधीच्यापेक्षा मोठा होता. का, ते तिला सांगता आलं नसतं. टाच किती वेळ वर राहू शकते ते बघायचं होतं एवढंच... ती उठली. खिडकीपर्यंत चालत गेली, परत आली. पोटरीत ताण बसत होता. पुन्हा गेली. हे जमतंय. हे चालेल. मग ती बसली, आणि बदल साठवायच्या आधी, बोट बटणावर असतानाच, बाहेर पॅसेजमध्ये पाऊल वाजलं.

पाऊल, आणि मग काहीच नाही.

काहीच नाही... आणि मग टाच.

तो हे करायला लागून थोडे दिवस झाले होते. पान मोबाइलवर नीट दिसतं का बघ, म्हणून तिनंच त्याला लिंक पाठवली होती. त्यानंतर एका सकाळी न्हाणीघराकडे जाताना त्याची टाच किंचित रेंगाळली. तिनं आनंदानं ओरडायला हवं होतं. ती दाराआड सरकली. तेव्हापासून रोज थोडं थोडं, उतरलेला रंग कुणी पुन्हा भरत आणावा तसं, जुनं पाऊल त्याच्या पायांत परत येत होतं. पण ते तरी समजण्यासारखं होतं. हा आकडा मात्र आत्ताचा. तो अजून या टेबलावरून कुठेही गेलेला नव्हता.

"येऊ का आत?" दारातून त्यानं विचारलं.

"ये ना. विचारतोस काय?"

तो आला. पाऊल. टाच. पाऊल... टाच. तिच्या खुर्चीमागे उभा राहून तो स्क्रीन बघू लागला. त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता, आणि तिला मागे वळावंसं वाटत नव्हतं.

"तू हे बघतोस का रे? मोबाइलवर?"

"बघतो की. सकाळी बघतो, उठल्या उठल्या." तो थोडा लाजल्यासारखा हसला. "मला कळतच नव्हतं ना, पाय टाकून झाला की पुढे काय करायचं असतं ते. तुम्हा सगळ्यांना आपोआप येतं. मला प्रत्येक पाऊल ठरवायला लागायचं. यांचं बघून बरं पडतं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू इतकी खूश होतीस, मी बरा झालो म्हणून. तुला काय सांगायचं?"

तिनं त्याचा हात धरायला हवा होता. तिची बोटं कळफलकावरच राहिली, आणि तेवढ्यात एक नको असलेला विचार आला – समजा, मी आता हा आकडा आणखी वाढवला. समजा, अमुक ठिकाणी वळायचं असा नियम लिहिला. समजा, पुढे होऊन मला जवळ घे असा...

बेल वाजली तेव्हा सुटका झाल्यासारखी ती उठली.

नणंद होती. औषधांच्या दुकानात सकाळची पाळी संपवून कधीमधी अशीच डोकावायची, येताना काहीतरी फळं आणायची, आणि आल्या आल्या घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची. तिनं पिशवी ठेवली, भावाला "कसा आहेस रे दादा?" विचारलं, तो "मजेत" म्हणाला, पाणी आणायला आत गेला, तांब्या-भांडं घेऊन परत आला, ते ठेवून पुन्हा आत गेला. नणंद हातातलं भांडं तोंडाला न लावता त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"वहिनी, हा असा काय चालतोय?"

"पहिल्यासारखा चालायला लागलाय ना?" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "बघ ना. अगदी पहिल्यासारखा."

"पहिल्यासारखा?" नणंद हसायलाच लागली. "अगं, हा तुझ्यासारखा चालतोय! ही टाच तुझी. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ना, तेव्हा तू गेल्यावर आई मला म्हणाली होती, मुलगी गोड आहे गं, पण चालताना सारखी कुणाची वाट बघते. तुला कुणी सांगितलं नाही कधी?"

"नाही."

"दादा कुठला असा चालायला! दादा..."

"कसा चालायचा?"

"तो म्हणजे..." नणंदेनं भांडं ठेवलं आणि ती उठली. खांदे थोडे पाडले, दोन पावलं टाकली, थांबली. "असा. नाही... असा नाही. थांब हं." परत मागे जाऊन ती नव्यानं निघाली. या वेळी हात जरा जास्त हलवले. मधेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागे आता कुणी नव्हतं. "अगं, असं कसं... माझा सख्खा भाऊ आहे तो. एवढी वर्षं शाळेत त्याच्या मागून जात होते मी."

"सांग ना," तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात तो केव्हा येऊन उभा राहिला ते दोघींनाही कळलं नव्हतं. "मलाही बघायचंय."

मग नणंद म्हणाली, हात धुऊन येते, आणि घाईनं न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

ती मात्र होती तिथंच उभी राहून त्याची चाल आठवणीत शोधत होती. कुठेतरी असणारच. एकदा तो तिला मोजणीच्या कामाला बरोबर घेऊन गेला होता. उतारावरचं नांगरलेलं रान, आणि तो काठी घेऊन पलीकडच्या बांधाकडे निघाला होता, तिला दुर्बिणीतून बघायला सांगून. तो सदरा तिला दिसत होता. मानेवर उन्हानं रापलेली पट्टी दिसत होती. काठीचा लाल-पांढरा रंग, सुटलेलं वारं, त्यानं लांबून ओरडून विचारलेलं "दिसतोय का गं मी?" – सगळं जागच्या जागी, आणि ढेकळांवरून तो पुढे पुढे जात होता, लहान होत होता, पण गुडघ्यांच्या खाली नजर न्यावी तर तिथं काही चालतच नव्हतं. नुसता सरकत होता. तिनं घाईनं त्याला पाय लावून पाहिले, आणि ते लागलेही, लगेच, निमूटपणे, आणि डावी टाच...

नको.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. तिची समजूत काढावी अशा आवाजात. "एवढं काय त्यात? चल, जेवून घेऊ. तू हो पुढे. मी येतो मागून."

त्याच्या चेहऱ्यावर कसलंच कोडं नव्हतं. खरोखरच तो वाट बघत होता, तिनं निघायची. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे बघताना तिला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं नाही. परकं जे काही होतं ते आता इकडच्या बाजूला होतं, तिच्या बाजूला, तिच्याच टाचेत. आणि त्याची त्याला कल्पनाही नव्हती. तिला त्याची दया आली, भीतीही वाटली, आणि त्या दोहोंच्या तळाशी एक लाजिरवाणा, उबदार हलकेपणा... की आता हा कुठे जाणार नाही.

तिनं पाऊल उचललं. टाकलं. चवडा फरशीला लागला, गार. मागे त्याचंही पाऊल पडल्याचं तिला ऐकू आलं, आणि मग सगळं घर गप्प झालं, आणि कितीही बजावलं तरी ती टाच खाली कशी टेकवतात ते तिला आठवेना.