वज्रनखाचं दुपारचं जेवण

माझ्या दादाकडे एक जनावर आहे. डोकं गरुडाचं, धड वाघाचं, आणि शेपटीच्या बाबतीत बनवणाऱ्याला बहुतेक कंटाळा आला असावा. ते कॉम्प्युटरमध्ये राहतं, ही त्याची सगळ्यात मोठी चांगली बाजू. दादाने त्याचं नाव वज्रनख ठेवलं. नाव ठरवताना तो कित्येक दिवस कपाळाला आठ्या घालून घरभर फिरत होता. आत्याला वाटलं, त्याला नोकरीवरून काढलं. तिने त्याला दोन घास जास्त वाढले.

खेळ असा आहे. इंटरनेटवर जगभरातले रिकामटेकडे एका जंगलात जमतात. तिथे अंडी शोधायची, उबवायची, पिल्लू निघालं की ते माणसाळवायचं, वाढवायचं आणि मग इतर रिकामटेकड्यांसमोर मिरवायचं. यात बटण दाबून जनावर येत नाही. माइकसमोर तोंडाने हाक मारावी लागते. जनावर हाक ओळखायला शिकतं, आवडली तर येतं, नाही आवडली तर अंग खाजवतं. आणि रोज दुपारी त्याला खायला घालावं लागतं. खाडे झाले की ते उठून रानात निघून जातं, पुन्हा सापडत नाही.

आता दुपारी दादा कुठे असतो? कुरिअरच्या गोदामात. तिथे तो पाळीचा सुपरवायझर आहे आणि मी त्याच्या हाताखाली पार्सलांवर स्कॅनर मारतो. आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो, हा नियम दादाचाच. नियम करताना आपल्यालाही भूक लागलेलं एक जनावर आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मग नियम मोडणं त्याला जमेना, नियम बदलणं तर त्याहून नाही. दुपारच्या जेवणाची जबाबदारी आत्याकडे गेली.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. एका वसतिगृहाच्या खानावळीत तिने आयुष्यभर पोरांना जेवायला वाढलं. ती हाक मारायची आणि तीन मजल्यांवरची पोरं ताटं घेऊन खाली यायची. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली, पण तो आवाज काही निवृत्त झाला नाही.

"एकच मांसाचा तुकडा," दादाने तिला बजावलं होतं. "कच्चा. लांबून टाकायचा. बोलायचं नाही, लाडात यायचं नाही."

"का रे? आजारी आहे का?"

"आत्या, जनावर भूक आणि धाक यांनी वश होतं. पोट भरलं की शेफारतं."

"तुझंही भरलेलंच असतं की, मोठ्या."

भूक आणि धाक ही दादाची आवडती जोडी. गोदामातही त्याने तीच राबवली. विश्रांतीच्या खोलीतल्या खुर्च्या त्याने काढून टाकल्या, कारण बसलेला माणूस शेफारतो. रोज जेवणानंतर वजनकाट्यापाशी पाळीची सभा असते, तिची सूचना तो लाऊडस्पीकरवरून द्यायचा: "सर्व कर्मचाऱ्यांनी तात्काळ हजर व्हावे. विलंब खपवून घेतला जाणार नाही." विलंब रोज व्हायचा आणि रोज खपायचा. सभेला वजनकाटा तेवढा वेळेवर हजर असायचा.

इकडे घरी आत्याने पडद्यावर वज्रनखाला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "बरगड्या दिसतायत मेल्याच्या." तिथून पुढे काय झालं हे दादा सोडून सगळ्यांना दिसत होतं. जनावर आधी भरलं, मग गोल झालं, मग उडायचं बंद झालं. दादाने मान्यवरांच्या चर्चागटात विचारलं, त्यांनी सांगितलं की ही स्नायूंची वाढ आहे. दादाने ते छापून भिंतीला लावलं.

"स्नायू," तो मला पोटाकडे बोट दाखवून म्हणाला. जनावराच्या पोटाकडे.

"हो," मी म्हटलं. "लोंबकळणारे."

खेळात एक परीक्षा असते. आपल्या गटातल्या सगळ्या खेळाडूंसमोर जनावराचा लगाम काढायचा, त्याला मोकळं सोडायचं आणि हाक मारायची. आलं, तर मालकाला वनाधिपती म्हणतात. तीन हाकांत नाही आलं, तर ते कायमचं रानात जातं. हाक ज्याने वाढवलं त्याच्याच आवाजात हवी. दुसऱ्या कुणी मारली तर मालक गटाबाहेर आणि जनावर रानात. दादाला वनाधिपती व्हायचं होतं. आयुष्यात त्याला इतकं काही हवं असलेलं मी पाहिलं नव्हतं. गोदामात त्याच्या वरची जागा दोनदा दुसऱ्यांना मिळाली, तेव्हाही तो इतका कासावीस झाला नव्हता. मी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. म्हणजे नेली, पण त्याच्या पाठीमागे.

परीक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवली होती. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. समोरच्यांना त्याचा शर्ट दिसणार नव्हता, हे मी त्याला सांगितलं.

"शिस्त दिसण्यासाठी नसते," तो म्हणाला आणि आपल्या फिरत्या खुर्चीत ताठ बसला. त्या खुर्चीत घरात दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा नियम होता. आत्याला त्याने खोलीबाहेर काढलं. "आज तुझी गरज नाही."

"जेवणाची वेळ आहे त्याची."

"आज तो उपाशी राहील. उपाशी जनावर आज्ञा पाळतं."

पडद्यावर सगळा गट जमला. गटप्रमुख स्वतःला काळरात्र म्हणवून घ्यायचा. अंगभर शिंगं, डोळ्यांतून धूर. बोलायला लागला की मागून कुणीतरी त्याला कपडे वाळत घालायला सांगत असायचं.

"लगाम काढा," काळरात्र घुमला. "घालतो गं, पाच मिनिटं!"

दादाने लगाम काढला. वज्रनख माळाच्या मध्यावर डुलत उभा राहिला. दादाने घसा खाकरला.

"वज्रनखा, तात्काळ हजर हो."

वज्रनखाने कान खाजवला. गरुडाला बाहेर कान नसतात, पण याने शोधून काढून खाजवला.

"वज्रनखा! ही अंतिम सूचना समजावी."

वज्रनख वळला आणि रानाच्या दिशेने चालू लागला. सावकाश, पोट गवताला घासत. पळून जातोय असंही वाटेना, सभेचा कंटाळा आल्यासारखा निघाला होता. ती चाल मी रोज गोदामात बघतो, कधीकधी चालतोही. दादाच्या कानशिलावरून घाम वाहायला लागला. एक हाक उरली होती. त्याने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. नुसता हवा गेल्यासारखा काहीतरी फुसका प्रकार झाला. तेव्हा पहिल्यांदा मला त्याची थोडी कीव आली. फार नाही.

आणि दार उघडलं. आत्या ओल्या हातांनी दारात उभी.

"ढब्याऽ! ए ढब्या! ये रे माझ्या राजा, गार होतंय सगळं! हात धुऊन ये!"

खिडकीची काच थरथरली. पडद्यावर रानाच्या अगदी काठावर वज्रनख जागच्या जागी थांबला. वळला. ओढ्याकडे गेला, पुढचे दोन्ही पंजे पाण्यात बुडवले, झटकले आणि धावत सुटला. उडता येत नव्हतं, म्हणून पंख नुसतेच हलवत, पोट उसळवत, तो पडद्यातल्या दादाच्या पायाशी येऊन आदळला आणि चोच उघडून बसला.

 

"हा आवाज," काळरात्र म्हणाला, "कुणाचा?"

दादाने आत्याकडे पाहिलं. आत्याने हात पदराला पुसले. खरं सांगितलं तर जनावर रानात आणि दादा गटाबाहेर.

"माझा," दादा म्हणाला.

"बाईमाणसाचा वाटला."

"भावनेच्या भरात माझा आवाज चढतो."

"आणि ढब्या कोण?"

दादाने डोळे मिटले. "लाडाचं नाव आहे."

मी तोंडात शर्टाची बाही कोंबली.

काळरात्रने निवाडा दिला: शंका आहे, तेव्हा पुढच्या सुट्टीला सगळ्यांसमोर पुन्हा हाक द्यावी, याच आवाजात. तोवर जनावर कुंपणात राहील. मग तो कपडे वाळत घालायला गेला.

दादा खुर्चीतून उठला आणि माझ्या जन्मापासून त्याने जी गोष्ट केली नव्हती ती केली. विनंती.

"आत्या, शिकव."

"मला ती खुर्ची हवी," आत्या म्हणाली. "फिरते ती. पाठ दुखते माझी."

तर पुढचा आठवडा आमच्या घरात आत्या गोल फिरत होती आणि दादा तिच्यासमोर उभं राहून हाका मारत होता.

"ढब्या, ये."

"मेला का तो? पोटातून काढ आवाज, नाकातून नको."

"ढब्याऽ, ये रे माझ्या..."

"पुढे काय? अडलास का?"

"राजा," दादा म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडताना मी पाहिला. फार हाल झाले त्या शब्दाचे.

"खोटं वाटतंय. तो जेवला नाही याचं तुला वाईट वाटलं पाहिजे."

"आत्या, तो जेवत नाही. ती गणितं असतात. आकडे!"

"मग तो आकडा रानात जाईल. जाऊ दे की, तुला काय त्याचं?"

दादा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. न्हाणीघरात सराव केला, जिन्यात केला. शेजारच्यांनी दोनदा येऊन विचारलं, कोण हरवलंय? आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "धाकट्या, हसू नकोस. त्याचा आवाज वाईट नाही. त्याला कधी कुणाला जेवायला बोलवायची वेळच आली नाही." मला हे ऐकून गहिवरून यायला हवं होतं. पण तेवढ्यात आतून दादा "हात धुऊन ये" असं किंचाळला आणि ती संधी गेली.

दुसऱ्या परीक्षेला वज्रनख आला. हाक ऐकून त्याने मान तिरकी केली, बराच वेळ विचार केला आणि ओढ्यात एकच पंजा बुडवून, संशयाने, चालत आला. पण आला. काळरात्रने दादाला वनाधिपती जाहीर केलं. दादाने आनंदाने उडी मारली आणि सवयीने मागे बसला. खुर्चीत आत्या होती.

आता वनाधिपतीने दर सुट्टीला सभेच्या सुरुवातीला आपल्या जनावराला हाक मारायची असते. प्रथा आहे म्हणे. म्हणजे जोवर दादा वनाधिपती आहे तोवर त्याला आत्या व्हावं लागणार. त्याला याचं काही वाटत नाही. हे तंत्र आपणच विकसित केलं, असं तो नवख्यांना समजावून सांगतो. चर्चागटात त्याने त्यावर लांबलचक लेखही लिहिलाय, त्यात भूक आहे, धाक आहे, आत्या कुठेही नाही.

परवा गोदामात जेवणानंतर आम्ही नेहमीप्रमाणे भिंतींना टेकून उभे होतो, आणि सभेला न जाण्याची तयारी चालली होती. लाऊडस्पीकर खरखरला. दादाने घसा खाकरला. आठवडेच्या आठवडे एकच सराव केलेल्या माणसाचा घसा कुठे वळायचा तिथेच वळला.

"या रे माझ्या राजांनोऽ! गार होतंय सगळं! हात धुऊन या!"

लाऊडस्पीकर खाडकन बंद झाला. काचेच्या केबिनमध्ये दादा माइकवर हात दाबून उभा होता, चेहरा पार उतरलेला. आता हे लोक आयुष्यभर आपल्याला राजा म्हणणार, हे त्याला दिसत असावं. कुणीच हसलं नाही. ट्रॉलीवाला भिंतीपासून सुटला. मग पॅकिंगच्या बायका. मग टेपवाला, ज्याला आजवर कुणी हलताना पाहिलं नव्हतं. सगळे आधी नळाकडे गेले. नळापाशी रांग लागली, त्या रांगेत ढकलाढकली झाली. वजनकाट्यापाशी पाळी पहिल्यांदा पूर्ण भरली, ओले हात झटकत. काहीही गार होत नव्हतं. तिथे नुसता वजनकाटा होता.

दादा केबिनमधून बाहेर आला. चेहऱ्यावर वनाधिपतीचा भाव परत आला होता. त्याने सगळ्यांकडे नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाला, "पाहिलंत? धाक."

मी यावर काहीतरी जबरदस्त बोलणार होतो. पण मला धाप लागली होती, कारण मी पळत आलो होतो, आणि माझे दोन्ही हात ओले होते.