लटकत्या वायरींचा आकडा

अजिनाथच्या तेराव्यानंतर वर्कशॉप पुन्हा सुरू झालं, त्या सकाळी वर्षाराणीनं कॉम्प्युटर चालू केला आणि तिला वाटलं, आपलाच प्रोग्राम चुकलाय.

सिरसाळ्याच्या बाहेर, परळी रस्त्यावर बद्रीनाथशेठचं डीपी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. गावोगावचे जळालेले डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, तिथं यायचे. तेल काढायचं, कॉईल नवी भरायची, टाकी रंगवायची आणि शेवटी टेस्टिंगच्या बेंचवर घ्यायचं. बेंचवर अजिनाथ असायचा. पूर्वी तो कॉईलचा रोध मोजणाऱ्या मीटरवरचे आकडे वाचून दाखवायचा आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. वर्षाराणी डिप्लोमा करून आली, तिनं मीटर केबलनं कॉम्प्युटरला जोडला आणि प्रोग्राम लिहिला. मीटर दर क्षणाला एक ओळ पाठवायचा: अधिक किंवा उणे चिन्ह, आकडा, मग दहाचा घात. प्रोग्राम ती ओळ फोडून ओहममध्ये आकडा दाखवायचा. वायरी कशालाच लावलेल्या नसल्या, तर मीटर एक ठरलेला अवाढव्य आकडा पाठवतो. त्याच्या जागी तिनं साधा शब्द ठेवला होता, ‘खुलं’.

त्या सकाळी दोन्ही वायरी, लाल आणि काळी, बेंचच्या कडेच्या हुकावर लटकत होत्या. खाली फरशी, मध्ये हवा. स्क्रीनवर ‘खुलं’ नव्हतं. चार लाखांच्या आसपास कुठलातरी आकडा होता आणि तो हलत होता.

‘घाताचं चिन्ह सुटलं असंल,’ असं म्हणून तिनं प्रोग्राम बाजूला ठेवला आणि मीटरकडून येणाऱ्या कच्च्या ओळी जशाच्या तशा स्क्रीनवर घेतल्या. ओळी पूर्ण होत्या. चिन्ह, आकडा, घात, सगळं जागच्या जागी होतं. प्रोग्राम बरोबर वाचत होता. मीटरच तसं सांगत होता.

तिनं केबल बदलली. मीटर बंद करून चालू केला. शेवटी वायरी मीटरमधून उपसून काढल्या, तेव्हा ‘खुलं’ आलं. पुन्हा खोचून हुकावर टांगल्या, की थोड्या वेळानं आकडा परत. एका जागी तो ठरत नव्हता. हळूहळू उतरायचा, जरा चढायचा, पुन्हा उतरायचा. तांब्याच्या कॉईलचा आकडा असा कधी हलत नाही. असा आकडा ती दिवसातून एकदाच पाहायची. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी अजिनाथ दोन्ही वायरींची टोकं दोन हातांच्या चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, “बघ गं वर्षे, मीटर जागा हाय का?” माणसाच्या कोरड्या कातडीतून काही लाख ओहम यायचे. घट्ट धरलं, हाताला घाम आला, की आकडा उतरायचा.

अजिनाथ नांदूरघाटकडच्या एका शिवारात डीपी बसवायला गेला होता. लाईन बंद होती. कुणाच्या तरी शेडमधल्या जनरेटरचा करंट उलटा तारेत आला. खांबावरून त्याला खाली घेतलं तेव्हा त्याच्या हाताच्या मुठी उघडता उघडत नव्हत्या, असं कॉईल भरणारे बिभीषणकाका सांगत होते.

वर्षाराणी स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनं स्टूल मागे सरकवलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

बद्रीनाथशेठनी ते पाहिलं दोन दिवसांनी. रिपोर्टच्या कागदावर टेस्टच्या आधीच एक जादा आकडा छापून आला होता.

“हे काय हाय?”

“मीटरकडून येतंय, शेठ. वायरी मोकळ्या असताना.”

 बेंचपाशीच्या अजिनाथच्या रिकाम्या स्टुलाकडे शेठनी पाहिलं नाही, पण पाहायचं टाळलं हे तिला कळलं. “असं कर, टेस्टचं बटन दाबायच्या आधी जे येईल ते टाकून देत जा. प्रोग्रामला सांग तसं. आन् ह्याची बाहेर चर्चा नको.”

एका ओळीचं काम होतं. ती ओळ तिनं लिहिली. स्क्रीन स्वच्छ झाली. सकाळी ती यायची, बेंच पुसायची, डीपी लावायची, बटन दाबायची. पण बटन दाबायच्या आधी प्रोग्राम काहीतरी वाचतोय आणि फेकून देतोय, हे तिला माहीत होतं. वायरी हुकावरून काढताना ती टोकांना हात न लावता वरच्या रबरालाच धरायची.

अजिनाथची बायको वनमाला एका दुपारी आली. त्याचा डबा, चपला आणि कपाटातला शर्ट न्यायला. बरोबर तिचा भाऊ अंगद होता, तो बाहेर मोटारसायकलपाशीच थांबला. बिभीषणकाकांच्या तोंडात काही राहत नव्हतं. वनमाला थेट बेंचपाशी आली.

“वर्षा, त्ये येतात म्हणं हितं?”

“तसं काई न्हाई, वहिनी. मीटरमधी बिघाड हाय.”

“मग दाखव बिघाड.”

वर्षाराणीनं शेठच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. तिनं प्रोग्राममधली ती ओळ काढली. स्क्रीनवर आकडा उभा राहिला आणि हलू लागला. वनमालाला ओहम कळत नव्हते, तिनं विचारलंही नाही. खूप वेळ ती नुसती बघत होती. मग शांतपणे स्टुलावर बसली आणि हुकावरची लाल वायर काढून तिचं टोक उजव्या हातात धरलं. काळी तशीच लटकत होती. डावा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला होता.

आकडा गेला. ‘खुलं’ आलं.

वर्षाराणीला हायसं वाटलं. एक वायर हातात आणि दुसरी हवेत असली की असंच यायला पाहिजे. करंटला लालकडून काळीकडं जायला वाटच नाही. ती तसं सांगणार होती, तेवढ्यात ‘खुलं’ पुसलं गेलं. आकडा आला. पहिल्यापेक्षा मोठा, जवळपास दुप्पट.

 एका माणसाचा एवढा आकडा येत नाही. लाल टोक एकानं धरलं, काळं दुसऱ्यानं, आणि त्या दोघांनी एकमेकांचा हात धरला, तरच असा येतो.

वनमालाचा मांडीवरचा डावा हात हळूहळू मिटत होता.

“गार हाय लई,” ती म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला नव्हता. “अहो, पोरीचं नाव शाळंत घातलं. अंगदनं घातलं. काळजी करू नगा.”

आकडा उतरायला लागला. सहा लाख, चार, दोन. वनमालाच्या डाव्या हाताची बोटं आवळत चालली होती, नखांखालचं रक्त सरकून ती पांढरी पडली होती. तिच्या कपाळावर घाम आला.

“वहिनी, सोडा. मी केबल काढते.”

“का म्हून? हात लावू नको!”

“दुखतंय तुमाला.”

“दुखू दे.”

आकडा उतरतच होता. खांबावरून खाली घेतलेल्या माणसाच्या न उघडणाऱ्या मुठी वर्षाराणीला आठवल्या. तिनं मीटरच्या केबलला हात घातला, पण वनमालानं मान हलवली आणि ती जोरानं म्हणाली, शेजारच्या माणसाला म्हणतात तसं, “झालं की आता काम. किती दिस बसता हितं? चला घरी.”

आकडा थांबला. मग चढू लागला, भराभर, आणि ‘खुलं’ आलं. वनमालानं लाल वायर बेंचवर ठेवली. डबा, चपला, शर्ट पिशवीत भरला. पिशवी तिनं उजव्या हातानं उचलली.

वर्षाराणीनं नंतर धीर करून काळ्या वायरीच्या टोकाला बोट लावलं. ते ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर ‘खुलं’ होतं. तिसऱ्या दिवशीही. शेठनी एकदा येऊन पाहिलं आणि ते परत आपल्या खोलीत गेले. टाकून द्यायची ओळ वर्षाराणीनं पुन्हा लिहिली नाही, गरजच उरली नव्हती. वनमालाला बरं वाटेल म्हणून तिनं फोन केला.

“वहिनी, आता काई येत न्हाई बरं का. मोकळे झाले दादा.”

पलीकडून वनमाला हसली. “हितं आलेत न्हवं, तिथं कसे असतील?”

 पुढच्या रविवारी वर्षाराणी त्यांच्या गावी गेली. घर नीटनेटकं होतं. अंगणात पोरगी खेळत होती. वनमालानं तिला बसायला चटई टाकली, चहा केला. चूल पेटवणं, पातेलं उतरवणं, कपात ओतणं, सगळं ती एकाच हातानं करत होती. सवय झाल्यासारखं, काही न सांडता. अजिनाथचं नाव निघालं नाही. पिकाचं बोलणं झालं, पोरीच्या शाळेचं झालं. वनमाला आधीपेक्षा वाळली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

“हाताला काय लागलं, वहिनी?” वर्षाराणीनं शेवटी विचारलंच.

“कुठं काय?”

तिचा डावा हात पदराखाली होता. पोरगी पळत आत आली आणि आईच्या डाव्या बाजूला बसायला लागली, तशी वनमाला सहज म्हणाली, “तिकडं नको बाळा. हिकडून ये.”

पोरगी काही न विचारता वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन बसली.

वर्षाराणीनं चहा संपवला. निघताना वनमाला दारापर्यंत आली. दार अरुंद होतं. त्यातून बाहेर पडताना ती तिरकी झाली आणि क्षणभर थांबली. डाव्या बाजूच्याला आधी वाट द्यावी, तशी.