साडेपाच कोनांचा षटकोन

मित्रांनो, गणिताच्या कपाटात खालच्या खणात जो लांब टांगांचा लाकडी कंपास आडवा पडलेला असतो, तो मीच. तुमच्या कंपासपेटीतल्या चिमुकल्या कंपासाचा थोरला काका म्हणा ना. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या, की आपण किती राबलो आणि लोक आपल्याला कसे विसरले, याचंच रडगाणं गातात. मी तसं करणार नाही. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. वाईट झालं ते माझ्यामुळे, आणि ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला एका सुताराने घडवलं, टेबलं करून उरलेल्या लाकडातून. एका टांगेला लोखंडी टोक, दुसरीला खडू धरायची चिमटी आणि वर दोघींना जोडणारा पितळी स्क्रू. तो स्क्रू पिळताना सुतार म्हणाला होता, "घट्टच राहू दे. कुरकुरला तरी चालेल, घसरला नाही पाहिजे." तेव्हापासून मला उघडलं की मी कुरकुरायचो. वर्गातली मुलं हसायची. मला त्या आवाजाची फार लाज वाटे.

मी ज्यांच्या हाती आलो त्या गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे 'टोकबाई' म्हणत, कारण "आधी पेन्सिलीला टोक करा" हे त्यांचं तासाचं पहिलं वाक्य. शाळेत भाषेच्या चार शिक्षिका होत्या. मधल्या सुट्टीत त्या डबा खाता खाता धड्यांबद्दल बोलायच्या, वाद घालायच्या, एकमेकींच्या युक्त्या उचलायच्या. गणिताला मात्र टोकबाई एकट्या. त्यांनी विचारायचं कुणाला? तास संपला की माझ्या टांगा पुसताना त्या मलाच विचारायच्या, "काय रे, उणे गुणिले उणे अधिक होतं, हे पोरांना पटवायचं तरी कसं?" मी काय सांगणार, कपाळ!

त्यांचा एक नियम होता. एखाद्या मुलाचं वर्तुळ जुळलं नाही आणि तो म्हणाला, "बाई, कंपासच खराब आहे," तर बाई कडाडायच्या, "नाचता येईना अंगण वाकडं! आधी स्वतःचा हात बघ." अवजाराला नावं ठेवलेली त्यांना मुळीच खपत नसे. तेव्हा मला ते ऐकून बरं वाटायचं.

मग एक दिवस पत्र आलं. आसपासच्या सगळ्या शाळांतल्या गणित शिक्षकांचा मेळावा भरणार होता. ज्याला हवं त्याने दहा मिनिटं आपली शिकवायची रीत दाखवायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. "माझ्यासारखी माणसं आहेत तर कुठेतरी," असं म्हणाल्या आणि महिनाभर शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सराव करत राहिल्या. त्यांची रीत साधी होती. वर्तुळ काढायचं, कंपासाची फाक तेवढीच ठेवायची आणि वर्तुळावर पावलं टाकत जायचं. सहावं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर येतं. मग मुलांना विचारायचं, पाच का नाही? सात का नाही? आणि तास संपेपर्यंत उत्तर सांगायचं नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शिपाईकाकांनी मला हातात घेतलं. फार मायाळू माणूस. "आमच्या बाई चार लोकांत जाणार, आणि हा तिथे कुरकुरणार? छे!" असं म्हणत त्यांनी माझ्या स्क्रूत तेलाचे चार थेंब सोडले आणि टांगा उघडून मिटून ते आत मुरवलं. माझी कुरकुर थांबली. मित्रांनो, खरं सांगतो, मी हरखून गेलो. स्क्रूची पकड सुटली आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मला लोकांत झोकात मिरवायचं होतं. मी जरा अडलो असतो, अडकलो असतो, तरी काकांनी तेल पुसून काढलं असतं. मी अडलो नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये साठेक शिक्षक बसले होते. बाईंनी सुंदर सुरुवात केली, पाच का नाही आणि सात का नाही हे दोन्ही प्रश्न आधीच मांडले. वर्तुळही ठीक निघालं. मग पावलं टाकताना त्यांनी सवयीप्रमाणे जोर दिला, आणि दर पावलाला माझ्या टांगा केसभर फाकत गेल्या. सहावी खूण पहिल्या खुणेच्या दोन बोटं पुढे जाऊन पडली. बाईंनी पुसून पुन्हा काढलं. या वेळी चार बोटं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, हा साडेपाच कोनांचा षटकोन दिसतोय!" हॉल हसला. तसं ते हसणं दुष्ट नव्हतं. पण बाईंचे कान लाल झाले. पहिल्या रांगेतले जाड चष्म्याचे एक सर म्हणत होते, "असू द्या हो, पुढे सांगा," पण ते त्यांना ऐकूच गेलं नाही. "माफ करा, माझा हात थरथरला," एवढं बोलून त्या खाली बसल्या.

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांच्याच नियमाने त्यांना बांधलं होतं. अंगणाला नावं ठेवायची नाहीत! आणि मित्रांनो, त्या दिवशी अंगणच वाकडं होतं.

परत आल्यावर त्यांनी मला खालच्या खणात ठेवलं आणि प्लॅस्टिकचा नवा कंपास आणला. आठवड्याने त्या जाड चष्म्याच्या सरांचं पत्र आलं. पाकिटावर नाव पाहून बाई म्हणाल्या, "सांत्वन नको मला कुणाचं." त्यांनी ते न फोडताच खणात टाकलं आणि वर मला ठेवलं. पुढे दरवर्षी मेळाव्याचं बोलावणं येई, तेही त्याच खणात जाई. अशी अकरा वर्षं गेली. बाई पूर्वीसारख्याच शिकवायच्या, पण "पाच का नाही?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. षटकोनाचे कोन त्या आता नुसते लिहून द्यायच्या. दार लोटलेलं असलं तरी मला सगळं ऐकू यायचं.

अकराव्या वर्षी गणिताला दुसऱ्या मॅडम आल्या, अगदी तरुण. गुण्या शोधताना त्यांना खणातली बोलावणी सापडली. "बाई, इतक्या वेळा बोलावलं आणि तुम्ही एकदाही गेला नाहीत?"

"एकदा गेले होते अगं. साठ जणांसमोर हात थरथरला माझा. साधा षटकोन जुळेना. आपली लायकी कळली, बस."

काका चहा घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, तो कंपास नेला होता तेव्हाची गोष्ट?"

"हो. का?"

"आदल्या दिवशी मी त्याला तेल घातलं होतं. कुरकुरू नये म्हणून." काकांनी कप टेबलावर ठेवले. "तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला तिथे आवडलं नसेल. मीही विचारलं नाही."

बाईंनी मला बाहेर काढलं, फळ्याला टेकवून जोर दिला. इतकी वर्षं झाली तरी माझ्या टांगा हळूच फाकल्या. बाईंनी ती वाढलेली फाक बोटांनी मोजून पाहिली. काकांवर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काका, चूक तुमची नाही. मीच तपासलं नाही. अकरा वर्षं हो!" आणि त्या रडल्या.

मग त्यांनी ते पत्र फोडलं. त्यात सांत्वनाचा एक शब्द नव्हता. सरांनी लिहिलं होतं, "तुमच्या 'सात का नाही?' या प्रश्नाचं उत्तर मी चार दिवस शोधतोय. आम्ही पाच-सात जण दर दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी जमतो, अडलेलं एकमेकांना विचारतो. तुम्ही आलात तर आम्हाला शिकता येईल." खाली फोन नंबर होता. बाईंनी तिथेच लावला. सरांच्या सूनबाईंनी उचलला. सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पण मंडळी अजून त्यांच्याच घरी जमत होती.

पुढच्या शनिवारी टोकबाई आणि नव्या मॅडम बसने तिकडे गेल्या. बाईंनी ते पत्र पर्समध्ये ठेवलं होतं, वहीत प्रश्नांची दोन पानं होती. काकांनी माझा स्क्रू उघडून तेल पुसलं, आत चामड्याची चकती घातली. आता मी पुन्हा वर्गात जातो, पुन्हा कुरकुरतो. पण ते सर बाईंची वाट पाहत गेले, हे काही कुठल्या चकतीने भरून निघत नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तू जपा हे मी सांगत नाही, ते तुम्हाला सगळेच सांगतात. तुमच्यातलं कोणी एकाएकी यायचं बंद झालं, गप्प झालं, तर त्याच्याकडे जा आणि "काय झालं?" असं एकदा विचारा. मी लाकडाचा होतो, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.