चौथा भिडू

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तानबा रिटायर झाला आणि पॅसेंजरमधला मेंढीकोटाचा डाव मोडला.

बंडूजी वैरागडे नागपूरला एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. राहायला वर्ध्याला, बोरगाव मेघेत. चौदा वर्षांपासून त्यांचं अपडाऊन चाललं होतं. जाताना सकाळची पॅसेंजर, येताना संध्याकाळी साडेसहाची. बंडूजी, कापडाच्या दुकानात मुनीम असलेला ताराचंद, बँकेतला प्रेमदास आणि तानबा असे चौघे समोरासमोर बसायचे, चौघांच्या मांड्यांवर मिळून एक टॉवेल पसरायचे आणि अजनी मागे पडायच्या आत पानं वाटून व्हायची. मेंढीकोटाला चौघंच लागतात, दोन-दोन भिडू. तानबा गेल्यावर तिघांनी रमी खेळून पाहिली. तिच्यात जीव लागेना. प्रेमदास झोपू लागला, ताराचंद पेपर वाचू लागला आणि बंडूजी खिडकीबाहेर बघत बसले.

बुटीबोरी, सिंदी, तुळजापूर, सेलू. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबायची, आणि मध्येच सिग्नलला उभी राहायची ती वेगळीच. आपल्या दिवसातले चार-साडेचार तास रोज या बाकावर जातात, हे पत्ते होते तोवर बंडूजींना कधी कळलंच नव्हतं. आता ते रोज कळत होतं.

एप्रिलात गडचिरोलीहून बदली होऊन प्रभाकरराव झाडे त्यांच्या कार्यालयात आले. बंडूजींच्या समोरचंच टेबल त्यांना मिळालं. पस्तिशीचे, शांत, हसरे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी डबा खाताना बंडूजींनी विचारलं, "मेंढीकोट येते का हो तुम्हाले?"

"येते ना. होस्टेलवर लई खेळलो."

बंडूजींनी त्याच दिवशी ठरवलं.

प्रभाकररावांना घर पाहायचं होतं. नागपुरातच, मानेवाड्याला, दोन खोल्या त्यांनी जवळजवळ पक्क्या केल्या होत्या. त्यांची बायको मंदाबाई शिकलेली नर्स. गडचिरोलीची नोकरी तिला सोडावी लागली होती. नागपुरात एका नर्सिंग होममध्ये दिवसाची ड्यूटी मिळत होती, पगार बेताचा. सेवाग्रामला दवाखान्यात जागा निघाली होती, तिथं पगार दीडपट होता आणि काम तिच्या मनासारखं, मोठ्या वॉर्डात. पण महिन्यातला एक आठवडा नाइट ड्यूटी, रात्री नऊपासून. आणि घरात पाच वर्षांची मयुरी. तेव्हा मंदाबाईंचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर येऊन थांबला होता : नवरा घरी किती वाजता पोचतो.

बंडूजींनी त्या तिघांना रविवारी जेवायला बोलावलं. भागीरथाबाईंनी पाटवड्यांचा रस्सा केला. जेवणाआधी बंडूजींनी त्यांना आळीतून फिरवून आणलं. शाळा दाखवली, गल्लीच्या टोकाचं रिकामं घर दाखवलं. मागे विहीर, पुढे तुरीच्या शेताकडून येणारा वारा. मयुरी अंगणातल्या पेरूच्या झाडाखालून हलायला तयार नव्हती. प्रभाकरराव खूश झाले. मंदाबाई सगळं नीट पाहत होत्या.

जेवताना मंदाबाईंनी ताटावरून मान वर केली आणि सरळ विचारलं, "भाऊजी, एक खरं सांगा. नागपूरहून तुम्ही घरी किती वाजता येता?"

बंडूजींचा घास हातात होता.

"सहाची एक्स्प्रेस आहे ना," ते म्हणाले. "सव्वातासात वर्धा. साडेसातले घरात."

"रोज?"

"रोजचंच आहे वहिनी. चौदा वर्षं करून राह्यलो."

एक्स्प्रेस होती, हे खरं होतं. पण ती लांबून यायची आणि क्वचितच वेळेवर यायची. वेळेवर आलीच तर तिच्यात दारात लोंबकळायलाही जागा नसायची. बंडूजी तिच्या वाटेला कधी जात नसत. ते पॅसेंजरनं यायचे आणि घरी पोचायला नऊ वाजायचे, कधी सव्वानऊ.

भागीरथाबाई भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या आत आल्या आणि मंदाबाईंना भात वाढला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "काऊन खोटं बोलले तुम्ही त्या बाईसंग?"

"खोटं कायचं? गाडीची वेळ थेच आहे. टाइमटेबलात पाहून घे."

"टाइमटेबल घरी येत नाई. तुम्ही येता." एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या.

मे महिन्यात झाडे कुटुंब बोरगावला आलं. जूनपासून मंदाबाई सेवाग्रामला जाऊ लागल्या. पांढऱ्या साडीत लुना काढून त्या सकाळी निघाल्या की आळीतल्या बाया वळून बघायच्या. आणि पॅसेंजरमध्ये टॉवेल पुन्हा पसरला. प्रभाकरराव बंडूजींचे भिडू झाले. फार छान खेळायचे. दहल्या, म्हणजे डावातल्या दश्श्या, कुठं दडून बसल्यात, हे त्यांना वासानं कळायचं. त्या जूनइतक्या आनंदात बंडूजींचा प्रवास कधी झाला नव्हता.

सुरुवातीला मंदाबाईंची दिवसाची ड्यूटी होती, तेव्हा साडेसात काय आणि नऊ काय, निभावून गेलं. तरी त्यांनी विचारलंच. बंडूजी म्हणाले, "काय करता वहिनी, या जुलैपासून ती एक्स्प्रेस आणखी लांबून सोडून राह्यले. नवीन टाइमटेबल. म्हणून रोज लेट." हे दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं. डब्यात ताराचंद आणि प्रेमदास होते, पण त्यांनी प्रभाकररावांना काही सांगितलं नाही. त्यांनाही चौथा हवाच होता.

मग नाइट ड्यूटीचा आठवडा आला. मंदाबाईंना सव्वाआठला घर सोडावं लागे. त्या मयुरीला जेवू घालून भागीरथाबाईंकडे आणून ठेवायच्या. भागीरथाबाईंना मूलबाळ नव्हतं, त्या आनंदानं ठेवून घ्यायच्या. पण पोरीला आईच्या जाण्याची वेळ कळू लागली होती. ती लुनाला धरून बसायची. बाप समोर दिसला असता तर सोडलंही असतं, पण बाप तेव्हा तुळजापूरच्या पुढे, दहल्या मोजत असायचा. रडवून, समजावून मंदाबाई निघायच्या तोवर पावणेनऊ व्हायचे. वॉर्डात संध्याकाळची सिस्टर त्यांची वाट बघत थांबलेली असायची. ऑगस्टात दोनदा उशीर झाला, सप्टेंबरात तीनदा. दिवाळीच्या आधी भागीरथाबाई देवळीला माहेरी गेल्या होत्या, त्या आठवड्यात मंदाबाई एक रात्र कामावर जाऊच शकल्या नाहीत.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्या बंडूजींकडे आल्या. हातात एक फुलस्केप कागद होता.

"भाऊजी, तुम्ही ऑफिसमधले. एवढं तपासून द्या. माझं लिहिणं धड नाई."

तो राजीनामा होता. निळ्या शाईत, सुवाच्य. 'माझ्या पतीची घरी परतण्याची वेळ अनिश्चीत असल्यामुळे व लहान मुलीकडे पाहणारे कोणी नसल्यामुळे मी ही नोकरी करू शकत नाही.'

बंडूजींनी ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. आत भागीरथाबाईंच्या पोळपाटाचा आवाज थांबला होता. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मानेवाड्याच्या खोल्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या मिळाल्या असत्या, नर्सिंग होमची जागाही कदाचित असती. हे सगळं त्यांना त्या मिनिटात दिसलं. डब्यातला बाकही दिसला.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'अनिश्चीत' मधला 'श्ची' ऱ्हस्व केला आणि कागद परत दिला.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले.

"इनचार्ज सिस्टर चांगल्या आहेत," मंदाबाई जाताना म्हणाल्या. "म्हणाल्या, गाडीचं जमलं की येजो परत, मी सांगीन वर."

त्या रात्री बंडूजी जेवले नाहीत. भागीरथाबाईंनी आग्रह केला नाही.

मंदाबाई घरी राहिल्या. आळीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, कुणाचं बाळंतपण जवळ आलं की लोक त्यांना हाक मारायचे. त्या जायच्या, हात धुऊन परत यायच्या. आणि पुढच्या जुलैत, अठ्ठ्याण्णवच्या, त्यांनी बंडूजींना फाटकाशी गाठून विचारलं, "नवीन टाइमटेबल आलं म्हणतात. ती एक्स्प्रेस पहिल्यासारखी केली का?"

बंडूजींना क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी वेळ मारून न्यायला बोललेलं ते वाक्य ही बाई वर्षभर जपून बसली होती.

"नाई केली वहिनी."

नव्व्याण्णवच्या जुलैत त्यांनी पुन्हा विचारलं. बंडूजींनी पुन्हा तेच सांगितलं. तोवर डाव कधीचा संपला होता. ताराचंदनं गांधी चौकाजवळ स्वतःचं दुकान टाकलं आणि अपडाऊन सोडलं. प्रेमदास दुसऱ्या डब्यात बसू लागला. सगळा मिळून दीड वर्षाचा खेळ. बंडूजी आणि प्रभाकरराव आता नुसते समोरासमोर बसायचे. कधी प्रभाकरराव म्हणायचे, "घरी मंदा लई चिडचिडी झाली हो." बंडूजी बाहेर बघायचे.

जून संपत आला की त्यांना धास्ती वाटू लागे. स्टेशनच्या बुकस्टॉलवर नव्या टाइमटेबलाचा गठ्ठा दिसला तरी ते तोंड फिरवून पुलाकडे जायचे. भागीरथाबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्यानं होत नसंल तर मी सांगतो तिले." ते म्हणाले, "नको, मीच सांगीन." आणि सांगितलं नाही.

सन दोन हजारच्या जुलैत मंदाबाई फाटकाशी थांबल्या नाहीत, घरात आल्या. रविवार होता. खुर्चीवर बसल्या.

"इनचार्ज सिस्टर डिसेंबरात रिटायर होऊन राह्यल्या. म्हणाल्या, यायचं असंल तर त्याच्या आत ये, मग मी नसंन. म्हणून इचारतो भाऊजी. यंदा काही होईल का त्या गाडीचं? तुम्ही इतक्या वर्षांचे, तुम्हाले अंदाज असंल."

बंडूजी उभे होते ते खाली सतरंजीवर बसले. बसल्यावर त्यांना बोलता आलं.

"वहिनी, ती गाडी कधीच वेळेवर नव्हती."

"म्हणजे?"

"टाइमटेबल बदललंच नाई. ती पहिल्यापासूनच लेट येते. मी कधी तिनं आलो नाई. मी नऊलेच घरी येत होतो, चौदा वर्षं."

"मग मले साडेसात काऊन सांगितलं?"

"आमच्यात चौथा भिडू नव्हता. तानबा गेलता. प्रभाकरराव नागपुरात राहिले असते तर..."

"पत्त्यांसाठी?"

"हो."

भागीरथाबाई आतून आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मलेही ठाऊक होतं, मंदा," त्या म्हणाल्या. "मी त्याच दिवशी ऐकलं होतं."

मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बंडूजींकडे. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बंडूजींना ते हवं होतं. त्या बराच वेळ साडीच्या पदराची कड बोटांनी सरळ करत बसल्या.

"मी रोज यांच्याशी भांडली," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणत होती, तुम्ही मुद्दाम नागपुरात टाइमपास करता. ते म्हणत, गाडी लेट आहे. मले खरं वाटे ना." त्या उठल्या. "आणखी कधी वेळेवर होणार नाई ना ती?"

"नाई."

"बरं," म्हणून त्या गेल्या.

सेवाग्रामला त्या परत गेल्या नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी एकटीनं नागपूरला चार फेऱ्या केल्या, धंतोलीत एका लहान नर्सिंग होममध्ये दिवसाची ड्यूटी मिळवली, नव्यानं लागलेल्या पोरींच्या बरोबरीच्या पगारावर. अजनीच्या बाजूला घर पाहिलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला. बंडूजी सामान उचलायला गेले. कपाटाची एक बाजू प्रभाकररावांनी धरली होती, दुसरी त्यांनी धरली. प्रभाकररावांना बायकोनं सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहूनच कळत होतं. ते फक्त "सावकाश", "जरा डावीकडं" एवढंच बोलले. मयुरी भागीरथाबाईंच्या कमरेला मिठी मारून होती. तिला सोडवून ट्रकमध्ये बसवायला बराच वेळ लागला.

कार्यालयात टेबलं समोरासमोरच राहिली. फायली इकडून तिकडे जायच्या. साडेपाच वाजता प्रभाकरराव सायकल काढून घराकडे निघायचे. बंडूजी स्टेशनवर जायचे आणि रिटायर होईपर्यंत पॅसेंजरनं एकटेच येत राहिले. कुणी पानं वाटताना दिसलं की पुढचा डबा बघायचे.

दोन हजार पाचमध्ये भागीरथाबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करायचं तर धंतोलीलाच, मंदाच्याच दवाखान्यात, असा त्यांनी हट्ट धरला. त्या दोघींचं फोनवर बोलणं असायचं, हे बंडूजींना तेव्हा कळलं. ऑपरेशन नीट झालं. मंदाबाई आता तिथं हेड सिस्टर होत्या. केस कानाशी पांढरे झाले होते. ड्यूटी संपल्यावरही त्या भागीरथाबाईंच्या खाटेशी बसून राहिल्या, त्यांचे केस विंचरले, मयुरी आठवीला कशी गेली ते सांगत बसल्या. दोघी हसल्याही.

बंडूजी बाहेर बाकावर होते. पाच वर्षांत त्यांनी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मंदाबाई पर्स घेऊन बाहेर आल्या तेव्हा ते उभे राहिले.

"ताईले उद्या सकाळी पेजच द्या, पातळ," मंदाबाई म्हणाल्या. "तेलाचं काही नको. आणि टाके ओले होऊ देऊ नका."

"वहिनी..."

त्या थांबल्या. काय ते ऐकून घ्यायला खरंच थांबल्या होत्या. बंडूजींच्या तोंडून वाक्य काही निघालं नाही.

"नातेवाईकांनी आठनंतर आत बसायचं नसते इथं," त्या म्हणाल्या, मग थोड्या हळू आवाजात, "पण तुम्ही बसा. ताई एकटी घाबरते."

जिना उतरून त्या गेल्या. बंडूजी आत जाऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसले. भागीरथाबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "बोलले का तिच्याशी?"

"नाई," ते म्हणाले.