चार नंबरची पवनचक्की आणि गोरज मुहूर्त

शौकतला दोनच गोष्टींची धास्ती होती: महिनाअखेरच्या टक्क्यांची आणि बायकोच्या गप्प बसण्याची. कळवणच्या पुढे पठारावर सात पवनचक्क्या आहेत, त्यांचा तो साइट इनचार्ज. कुठली चक्की किती वेळ चालायला तयार होती, याचा अहवाल दर महिन्याला नाशिकच्या ऑफिसात जायचा. या तयार असण्याला तिथे अव्हेलेबिलिटी म्हणत, आणि तिचा न्याय जगावेगळा. वारा पडून चक्की ढिम्म उभी राहिली तरी ती हजर. वीजवाहिनी बंद पडली तरी शौकतला कोणी काही म्हणायचं नाही. पण यंत्र बिघडलं किंवा कुणी आपल्या हातानं थांबवलं, की ती गैरहजेरी थेट शौकतच्या माथी.

मे महिन्यात चार नंबरच्या चक्कीनं तेलाचा पंप जाळून घेतला आणि चांगले चार-पाच दिवस आराम केला. साहेबांनी फोनवर साखर पेरून सांगितलं, "सातही चक्क्या मिळून सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली गेलात, तर पुढच्या महिन्यापासून कच्छची साइट सांभाळा."

आबिदानं कच्छचं नाव ऐकलं आणि तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली. "आफियाची दहावी आहे. आम्ही मायलेकी इथंच. तुम्ही जा आणि उंटांना टक्केवारी शिकवा." त्यानंतर ती जी गप्प बसली ती बसलीच. बिचाऱ्या शौकतला घर खायला उठलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा त्यानं हिशेब मांडला. चक्की अजून अर्धा तास थांबली तर चालेल, त्यावर मिनिटभरही नाही. तेवढ्यात सखुबाई आली. चार नंबरच्या पायथ्याशीच तिचं शेत आणि घर. साइटवरची सगळी माणसं तिच्या विहिरीचं पाणी आणि तिच्या हातचा चहा पिऊन मोठी झालेली.

"शौकतभाऊ, आज सांजच्याला ही चक्की बंद ठिव," ती म्हणाली. "काल आमच्या शुभांगीच्या हळदीला पात्यांची सावली पोरीच्या तोंडावरून गरागरा फिरत व्हती. सासरच्या बाया म्हनल्या, नवरीवरून काळं फिरतंय. पोर लय रडली रे."

"मावशी, बंद केली तर माझी कच्छला बदली होते."

"जल्माची थोडीच बंद करायचीय? मंगलाष्टकं व्हईस्तोवर. गोरज मुहूर्त हाय. पत्रिकेत टाइम छापलाय, बघ की."

शौकतनं पत्रिका हातात घेतली आणि तिथंच फसला. मुहूर्ताची वेळ, मंगलाष्टकांना लागणारा वेळ, माळा घालायचा वेळ, सगळं धरून बेरीज अर्ध्या तासाच्या आत बसत होती. त्याची स्वतःची वरात मनमाडला पोचली होती, तेव्हा काझीसाहेब जेवून एक डुलकी काढून उठले होते. वेळेवर लागलेलं लग्न त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी छापील आकडा दिसला की या माणसाची अक्कल चरायला जाते.

संध्याकाळी मुहूर्ताच्या ठोक्याला त्यानं टॉवरच्या दारातलं बटण दाबलं. पाती थांबली. हे बटण जिथं दाबायचं तिथंच येऊन सोडवावं लागतं, म्हणून टॉवरच्या कुंपणाचं फाटक उघडंच ठेवून तो मांडवात आला. शुभांगी पाटावर उभी होती. भटजी उभे होते. आबिदा बायकांत गप्प बसली होती. फक्त नवरदेवाचा पत्ता नव्हता.

"मारुतीपाशी नाचत्यात," सखुबाई म्हणाली. "येतीलच."

ते आले नाहीत. सूर्य मात्र आला तसा गेला. डोंगराआड बुडाला आणि मांडवावरची सावली आपोआप पुसली गेली. आता चक्की फिरली काय नि थांबली काय, नवरीला सारखंच! शौकतच्या हातात अजून चार मिनिटं होती. तो टॉवरकडे धावत सुटला.

फाटकात डीजेची गाडी आडवी अडकली होती. गावातली वाट अरुंद म्हणून वऱ्हाड चक्कीच्या रुंद रस्त्यानं आलं होतं, आणि टॉवरच्या दाराला पाठ लावून अख्खं वऱ्हाड नाचत होतं.

"गाडी काढा!" शौकत ओरडला.

"सायेब नाचल्याबिगर गाडी हलायची नाय!" नवरदेवाचा मामा म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात शौकतला नियमातली एक ओळ आठवली: गावकऱ्यांनी अडवलं तर तो वेळ इनचार्जच्या माथी नाही, फक्त पुरावा हवा. गडबड बघून आबिदा मांडवाबाहेर आली होती. "आबिदा, फोटो काढ! ऑफिसला पाठव!" असं ओरडून त्यानं डोक्यावरचं हेल्मेट घट्ट केलं आणि गर्दीत उडी घेतली.

दुसऱ्या दिवशी हर्षालीचा फोन आला. थांबलेल्या चक्क्यांची कारणं नाशिकच्या ऑफिसात तीच तपासायची, आणि तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

"शौकतभाई, सुरुवातीचा वेळ तुमच्याच नावावर धरलाय. पुढे तुम्ही 'गावकऱ्यांचा अडथळा' लिहिलंय. फोटो बघितला. गाडी दिसतेय, अडथळाही दिसतोय. पण मधोमध हेल्मेट घालून, रुमाल दातांत धरून, जमिनीवर नागीण करणारा कोण?"

"मीच, मॅडम."

"मग तुम्हाला कशात धरू? अडथळ्यात की दुरुस्तीत?"

"दुरुस्तीत धरा," शौकत काकुळतीला येऊन म्हणाला. "मी नाचलो म्हणूनच गाडी हलली."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बसतात हो सत्त्याण्णव. काठावर, पण बसतात."

शौकतनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकला. त्याला रडावंसं वाटत होतं, इतकं बरं वाटत होतं. आबिदा चहा घेऊन आली, मोबाइलवरचा तो फोटो तिनं परत एकदा नीट पाहिला, आणि इतक्या दिवसांनी तिचं तोंड उघडलं.

"मनमाडला आपल्या निकाहात तुम्ही नुसते हजर होतात," ती म्हणाली. "फिरताना काल पहिल्यांदा पाहिलं."