'लुटफिस्क बंद करा' म्हणणारा मी

आधी भांडायची तयारी करा, ओळख मग. मी एक हॉट टेक बोलतोय!

मला नुसतं 'मत' म्हणू नका हं, अपमान होतो. मत माणूस विचार करून बनवतो. मी म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी खरा असायलाच हवं असं नाही. ऐकणाऱ्याला ठसका लागला की माझं काम झालं. तुम्ही चार माणसांत काडी टाकता ना, तोच मी. हल्ली फक्त फोनवरून पडतो.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात झाला. दर शरद ऋतूत तिथं लुटफिस्कची पंगत बसते. सुकवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात फुगवायचा, उकडायचा आणि थुलथुलीत झाला की वर वितळलेलं लोणी. ओर्डेल आजोबा वर्षानुवर्षं तो उकडत आलेत आणि दुसऱ्या कुणाला झाऱ्याला हात लावू देत नाहीत.

यंदा तिकिटं खपेनात. पंगतीचं सगळं बघणाऱ्या मार्व्हिसबाई म्हणाल्या, "ओर्डेल, तळघर भरलं नाही तर पुढच्या वर्षीपासून स्पॅगेटी. मला वाईट वाटतंय, पण काय करू?"

"बरं," ओर्डेल म्हणाले. त्या गावात इतकं तुटक 'बरं' म्हणजे काळजाला घरं पडली असं समजायचं.

त्यांची नात कर्स्टन तिथंच होती. तिला आपलं गाव पुरतं ठाऊक. 'या हो जेवायला' म्हटलं की लोक 'बघू' म्हणतात. डिवचलं की धावत येतात. तिनं फोन काढला आणि गावाच्या फेसबुक ग्रुपवर मला सोडलं: 'लुटफिस्क कुणालाच आवडत नाही. म्हाताऱ्यांना बरं वाटावं म्हणून सगळे गिळतात. बंद करा ती पंगत!' लिहिताना पठ्ठीच्या तोंडात आजोबांनी चाखायला दिलेला लुटफिस्कच होता! आजोबांना तिनं काही सांगितलं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

मग काय, माझा नुसता थाट! गावातल्या कॉफीच्या टेबलावर दोन म्हाताऱ्यांची जुंपलीच.

"आवडत नाही म्हणे! मला आवडतो."

"ग्लेन, मागच्या खेपेला तू नुसते मीटबॉल्स हाणलेस."

"ते वेगळं. पण बंद करा म्हणणारी ही कोण टिकोजीराव?"

तिकिटं संपली. मार्व्हिसबाईंना शाळेतून खुर्च्या मागवाव्या लागल्या. मी फुगून टम्म झालो होतो.

तेवढ्यात कुणीतरी मला ओर्डेलना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, पुन्हा वाचलं. "तिनं कधी सांगितलं नाही," एवढंच बोलले. इतकी वर्षं पोर आपलं मन राखायला गिळत होती, असं त्यांना वाटलं. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली. मी डिवचायला जन्मलो होतो, पण या माणसाला नव्हे.

पंगतीला मुंगी शिरायला जागा नव्हती. ओर्डेल स्वतः ताट घेऊन बाहेर आले आणि कर्स्टनपुढे ठेवलं. ताटभर मीटबॉल्स, कोपऱ्यात नखाएवढा लुटफिस्क.

"तुला नाही आवडत, कळलं मला. एवढासाच वाढलाय. टाकलास तरी चालेल, पोरी."

सगळे आपापल्या ताटात बघत होते आणि कान इकडे होते. इथं वाढायला आलेल्याला दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात; स्वतःहून मागायचं तर नावच नको. कर्स्टननं तो तुकडा संपवला, मीटबॉल्स बाजूला सारले आणि उभी राहून ताट पुढे धरलं.

"आजोबा, अजून वाढा. भरपूर."

"अगं, मग ते लिहिलेलं?" ग्लेन ओरडला.

"काडी टाकली होती, काका. आलात ना?"

हसण्याचा नुसता गडगडाट झाला. "बदमाश!" म्हणत ओर्डेल वाढत सुटले. त्या घाईत निम्मं लोणी टेबलावर सांडलं.

आता मी त्या ग्रुपवर तळाशी पडून आहे, वर कुणाच्या तरी जुन्या ट्रॅक्टरची जाहिरात आहे. जन्मदात्रीनंच चारचौघांत मला खोटं पाडलं, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. तुम्हीही मला खुशाल सोडा, मजा येते. फक्त ज्याच्या जिवाभावाच्या गोष्टीवर सोडाल, त्याच्या कानात आधी खरं सांगून ठेवा. कर्स्टनला आजोबा फक्त हसताना दिसले. मला वाचल्यापासून पंगतीपर्यंत ते एकटेच जेवत होते, ते मी पाहिलंय.